बिनपाण्याच्या मोटारीची ठिणगी

नाही नाही, ती बादली आधी खाली ठेवा बरं! जो येतो तो पाणी घेऊनच येतो… तुम्हाला सांगतो, या मोटारीला पाणी लागत नाही हो! पाणी घालायची जागाच नाही. ही हवेवर थंड होते. पुढून वारा येतो, इंजिनाच्या लोखंडी पापुद्र्यांतून फिरतो, झालं! पण हे सांगायचं कोणाला? आपल्या वऱ्हाडात दारी माणूस आला तर पाणी, बैल आला तर पाणी, मग मोटारीनंच काय घोडं मारलं? भर उन्हात थांबलो की मायमाउल्या पितळी गुंड पाण्यानं भरून धावत येतात, 'पाज ना बापा तिले, कशी धापा टाकून राह्यली बिचारी!' आता काय सांगावं… तिला तहान लागली नव्हती, तिची ठिणगी चुकली होती!

माझं बुलढाण्यात सरकी-ढेपीचं दुकान. शिक्षण म्हणाल तर चौथी, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या जरा आधी भाव सोडायचा, उतरल्यावर हाका मारून उपयोग नाही, एवढं मला कळतं. आणि म्हणून रमाकांतराव ओव्हरसिअर बोलले तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच शास्त्र! मोटार त्यांची. सी.पी. अँड बेरारचं सरकार नागपुरात, त्यांची बदली तिकडं झाली आणि मोटार विकत माझ्या दारात आली. जाताना चष्मा पुसत म्हणतात कसे, 'हे पाहा उत्तमराव, सगळं एका गोष्टीवर आहे. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर पोचतो ना, त्याच्या जराशी आधी ठिणगी पडली पाहिजे. पेट घ्यायलासुद्धा वेळ लागतो हो! पोचेपर्यंत थांबलात की जोर गेला.' म्हटलं, एवढंच ना? एवढंच! जराशी आधी! पण जराशी म्हणजे किती, ते सांगायच्या आत त्यांची आगगाडी सुटली…

इकडं रोहिणखेडहून निरोप आला. माझ्या सासूबाईंचा, सत्यभामाबाईंचा. मोतीबिंदूनं नजर विझत चाललेली. 'दिसते तवर एकडाव लेकीचं तोंड पाहून घ्यावं म्हणते.' बस, एवढाच निरोप. आमच्या गोजरबाईनं लगेच शिदोरी बांधायला घेतली, 'उकंडरावाले सांगा, रेंगी जुंपा म्हणा. पहाटीच निंघू.'

रेंगी? बैलाची? दारात मोटार असून? मी म्हटलं, 'अवं, जवाई मोटारीतून उतरला पाह्यजे! थांब जराशी, ठिणगी बसवतो न निंघतो.'

'बरं,' म्हणाली. बायको न भांडता 'बरं' म्हणाली की तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं… जराशी आधी!

आता ठिणगी बसवायची कशी, ऐका. एका डबीत दोन इवलीशी टोकं असतात, टेकलेली. ती उघडली की ठिणगी पडते. पण उघडली कधी, ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून त्यांच्या मधे पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि हँडल हळूहळू फिरवायचं. कागद सुटला, की थांब! त्याच वेळी इंजिनाच्या चाकावरची खूण रेघेवर आली पाहिजे. खूण पार घासून गेलेली, मग गोजरबाईच्या करंड्यातलं कुंकू भिजवून अंदाजानं लावलं. कागद तिच्या हातात, हँडल माझ्या.

'सुटला का वं?'

'नाई.'

'आता?'

'नाई.'

'अवं, आता तरी?'

'कवाचाच सुटला.'

'मंग सांगत काऊन नाई?'

'मायकडं ध्यान गेलतं.'

बोला! परत पहिल्यापासून. कुंकू थोडं पुढं लावलं, तर हँडलनं उलटी लाथ अशी मारली की मनगट सुजून भोपळा! मागं लावलं, तर मोटार म्हाताऱ्यासारखी खोकत वेशीपर्यंत गेली आणि ढकलत परत आणली. गोजरबाई मनगटाला हळद लावताना विचारायची, 'उद्या?' मी म्हणायचो, 'उद्या.' असे उद्या किती झाले ते विचारू नका. रोज पहाटे ती हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसायची. हिरवंच का? तर म्हणे, 'मायले आजकाल हिरवंच तेवढं नीट दिसते.'

आणि शेवटी जमलं हो! इंजिन असं गोड चाललं, जसं काही पोळ्याचे घुंगरू. म्हटलं, आता उद्या म्हणजे उद्या!

पहाटे हँडल मारतो… ठिणगीच नाही! डबी उघडली, तर आत एरंडीचं तेल चपचप. आमचे गाडीवान उकंडराव बाजूला उभे, कौतुकानं बघत. 'मालक, लांबचा परवास. वंगण देल्याबिगर निंघता का कवा? जे जे फिरते त्याले त्याले देलं म्या. त्या डबीत तं एक थेंब नोता हो, पार कोल्डी!'

आता या माणसाला काय बोलायचं? चाकाच्या आखाला वंगण दिल्याशिवाय आमच्या घरच्या गाडीनं कधी शीव ओलांडली नाही, आणि मी त्याच्यावर ओरडू? बसलो पुसत. टोकं पुसली, कुंकू लावलं, कागद अडकवला, हँडल फिरवलं. 'सुटला का वं?'… 'अवं, सुटला का?'… मान वर केली, तर ओटा रिकामा. गोजरबाई नाही, उकंडराव नाही, बैल नाही, रेंगी नाही!

आणि नेमकी तेव्हा, पहिल्या हँडलला, मोटार चालू!

राजूरचा घाट उतरल्यावर गाठलं त्यांना. 'गोजरबाई, उतर, मोटार आली!' तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. 'बैल चालून राह्यले. चालती गाडी सोडून तुमच्या गाडीत कायले बसू? या मागून.'

आता एकटा पुढं जाऊन सासूबाईंना काय, नुसती मोटार दाखवू? चाललो मागून. बैलांच्या चालीनं! आणि ही तर वाऱ्यावर थंड होणारी… बैलाच्या चालीला वारा कुठला, नुसता फुफाटा. मोताळ्याच्या अलीकडं ती खडखडली, तापली आणि बसली. उकंडरावांनी रेंगीतून जाड दोराचा नाडा काढला, एक टोक रेंगीला बांधलं, एक मोटारीला. जवाई मोटारीतूनच उतरणार होता ना? बसा आत, स्टेअरिंग धरून!

दिवेलागणीला पोचलो. म्हातारी ओट्यावरच होती. लेकीचा आवाज ऐकला, दोन्ही हातांनी तोंड चाचपलं. 'आली का वं माय?' आणि मग विचारलं, 'लुगडं कोणतं नेसली?'

…

गोजरबाई म्हणाली, 'हिरवं.'

'हो, हिरवंच असीन,' म्हातारी म्हणाली, आणि बोटांनी पदराचा काठ धरून राहिली. मी तिथंच, स्टेअरिंगवर. रमाकांतराव सांगायचे राहून गेले होते ना, जराशी म्हणजे किती? ते तेव्हा कळलं.

मग सासूबाई म्हणतात, 'जवाईबुवा, मोटार आणली म्हने? दाखवा तं मले.' उकंडरावांनी हात धरून आणलं. त्यांचा हात पडला तो बैलावर. पाठ चाचपली, पोट चाचपलं, शेपूट हाती आलं. 'ब्येस हाये,' म्हणाल्या, 'विकणाऱ्यानं शेपूटबी लावून देलं!' सगळा ओटा हसला. गोजरबाईसुद्धा हसली, किती दिवसांनी… पण तुम्हाला सांगतो, म्हातारीचा दुसरा हात लेकीच्या पदरावर होता, तो काही सुटला नाही.

आता ठिणगी अगदी जिथल्या तिथं पडते हो, खोटं नाही सांगत! पण आमच्या घरची रीतच बदलली. कुठं जायचं ठरलं की गोजरबाई आधी बैल जुंपवते, नाडा बांधवते, आणि मग मला हाक मारते, 'बसा तुमी तुमच्या मोटारीत.'

…ती बादली आणलीच आहे ना? मग परत कशाला नेता? मोटारीला नको… पुढं ते दोघे उभे आहेत ना, त्यांना पाजा.