घडी मोडली मी

हॅलो?… कोण, चिमे?… हो, हो, येतोय आवाज. बोल… फोटो? कुठे पाहिलास?… आमच्या संस्थेच्या पेजवर टाकलासुद्धा त्यांनी!

काय छान आहे त्यात?… चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत, माहितेय मला. तिथंच उभी होते मी… नाही, चिडलेली नाहीये… हो, चिडलेय! अगं ऐक ना आधी. फोटोत अठरा खाटा आहेत. एकीवर तरी माणूस दिसतोय?… मोठा करून बघ… नाही ना? वृद्धाश्रमातल्या अठराच्या अठरा खाटा रिकाम्या, मग म्हातारी माणसं गेली कुठे?

बाहेर! पॅसेजमध्ये, लाकडी बाकांवर. पहाटे पाचपासून! आम्ही पोचलो अकराला… का म्हणजे? परदेशातून पाहुणे येणार, नव्या चादरी चुरगळतील म्हणून!… मला कोण सांगतंय? पाकिटातल्या घडीच्या रेघा तशाच होत्या त्यांच्यावर. तीस वर्षं नर्स होते मी. अंग टेकलेली चादर आणि नुसती घातलेली चादर मला कळत नाही? पाचपासूनचं तेवढं दुभाष्या बाईंनी हळूच सांगितलं.

आणि आमच्या पाहणी टीमचे प्रमुख काय म्हणाले माहितेय? "व्वा, काय स्वच्छता!"

बाकाच्या टोकाला एक आजी होत्या. सारखी चुळबुळ. आडोशाला नेऊन पाठ पाहिली… माकडहाडापाशी जखम. नाण्याएवढी, उघडी… हो ना! आणि सहा तास तिच्यावरच बसवलेलं!

मग काय करणार होते, टाळ्या वाजवणार होते? काखेत हात घालून उठवलं, आत नेलं आणि पहिल्याच खाटेवर कुशीवर निजवलं. घडी मोडली मी!… सगळ्यांसमोर. फोटोवाला आ वासून बघत राहिला… आजींनी असा काही श्वास सोडला ना, चिमे. त्यांच्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण 'हुश्श' कळतं गं.

प्रमुख? लालबुंद! म्हणे, पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं. म्हटलं, मी जेवायला नाही आलेय, बघायला आलेय… तर म्हणे, माफी मागा, नाहीतर उद्या अपंग मुलांच्या वसतिगृहात तुम्हाला नेणार नाही.

तूपण तेच सांग!… मागून टाकू? कशाची?… चार लोकांत शोभा झाली ती माझी नाही, त्यांची. नाही नेलं तर चालत जाईन. पत्ता आहे माझ्याकडे.

ते राहू दे. आपली आई कशी आहे?… आज कोण येणार?… काकू, आणि सगळ्या सुना? बरं… अंघोळ घातलीस, नवा गाऊन… बरं… आणि आता कुठेय ती?… खुर्चीत?

कधीपासून?

आठपासून! चिमे, तिकडे आता साडेबारा वाजले असतील! बेडवर का नाही?… काय घातलंयस बेडवर?

नवी चादर! चिमे, तूपण?… नाही ओरडत… ओरडतेय, पण तू रडू नकोस. लोक नावं ठेवतील, एवढंच ना? कळलं मला. वर्षभर एकटी करतेस तू, मी इकडे लोकांच्या आज्या उचलत फिरतेय… बोल, काय बोलायचं ते बोल मला. पण नंतर. आधी फोन स्पीकरवर टाक.

खुर्ची बेडला चिकटव. तिचे हात तुझ्या गळ्यात… गुडघे वाकव गं, कंबर नाही!… सावकाश… कुशीवर. आता पाठ बघ… लाल आहे? बोटानं दाब. पांढरी पडते?… पडते ना? मग थोडक्यात निभावलं.

चुरगळली? चुरगळू दे!

काय म्हणाली गं ती?… हुश्श?

…कसली बेल? आल्या का त्या?… वाजू दे. आधी तिच्या पाठीमागे उशी लाव. ठेवते.