वास घ्यायचा नाही

मुलगा : वास घे.

आई : नाही घेणार.

मुलगा : अगं, आ करतो, हे बघ. घे, आणि मालकांना फोन लावून सांग, पोरगा प्यायलेला नाही म्हणून. दोन मिनिटांचं काम.

आई : तोंड मिट. दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा उभा राहू नकोस. जेवलास का?

मुलगा : मालकांनी भर दुपारी घरी पाठवलंय आणि तू जेवणाचं विचारतेस! दुकानात आरसा फुटला माझ्या हातून. कपाटाच्या दाराचा, माणसाएवढा. म्हणाले, 'हात थरथरतोय तुझा. पुन्हा सुरू केलीस ना?' म्हटलं, वर्ष होत आलं, थेंब नाही. तर म्हणाले, आईला आण, तिच्या तोंडून ऐकतो.

आई : थरथरत होता का?

मुलगा : एवढा आरसा फुटल्यावर कुणाचा थरथरणार नाही? तू काय उलटतपासणी घेतेस? गेल्या महिन्यापर्यंत दारातच हुंगायचीस मला, चपला काढायच्या आधी. कॉलर हुंगायचीस, खिसे उलटे करायचीस, खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून बघायचीस. आज मी होऊन म्हणतोय, तर नखरे!

आई : तेच सोडलंय ना मी. ठाऊक आहे तुला.

मुलगा : त्या समुपदेशनाच्या वर्गापायी.

आई : वर्गापायीच. उद्या लोकांची व्यसनं सोडवायला बसणार आम्ही. बाई म्हणाल्या, स्वाध्याय तुमचा तुम्ही निवडा. पुस्तक वाचून लिहा, व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन रुग्णांजवळ बसा, नाहीतर ज्याच्यावाचून चालत नाही असं काहीतरी परीक्षेपर्यंत सोडा आणि काय होतं ते येऊन सांगा. एकीनं साखर सोडली. एका निवृत्त मास्तरांनी मोबाइल सोडला, तर त्यांची बायको बाईंना भेटायला आली. म्हणे, परत द्या हो त्यांना तो, दिवसभर माझ्याशी बोलतात.

मुलगा : आणि तू मला सोडलंस.

आई : तुला नाही रे. तुझ्यावरची पाळत.

मुलगा : मग बदल ना. विषय मधेच बदलला तरी चालतो, तूच म्हणालीस. आजपासून साखर सोड. तब्येतीलाही बरं.

आई : तिथेच तर गोम आहे. बदलता येतो म्हणून रोज बदलावासा वाटतो. परवा तू उशिरा आलास, तर बादलीतल्या शर्टापर्यंत हात गेला माझा. म्हटलं, आज एकदाच हुंगते, उद्यापासून साखर. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय?

मुलगा : माझंच वाक्य आहे ते.

आई : तुझंच. साखर तेवढी माझी.

मुलगा : छान. तू पास होणार आणि मी घरी बसणार. आई, केंद्रातून सुटल्यावर कुणी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नव्हतं मला. या माणसानं हातात काच दिली. ते काम गेलं तर मी कुठे जाईन, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

आई : नको.

मुलगा : आणि आणखी एक. मालक म्हणाले, 'तुझ्या आईचे फोन बंद झाले तेव्हाच मी समजलो.' कसले फोन?

आई : पाणी देऊ का आधी?

मुलगा : कसले फोन, आई?

आई : दुकान उघडलं की करायचे. सरळ उभा आहे का, डोळे कसे दिसतायत.

मुलगा : रोज?

आई : सुट्टी सोडून.

मुलगा : म्हणजे मी जिना उतरलो की तू फोन उचलायचीस. आणि मालक सकाळी जवळ येऊन 'काय रे, झोप झाली का' विचारायचे, ते मायेनं नव्हतं. मी घरी येऊन तुला कौतुकानं सांगायचो ते! तू ऐकून घ्यायचीस!

आई : ऐकून घ्यायचे. मग वासाबरोबर तेही सोडलं. पण का सोडलं, हे त्यांना सांगायचं राहिलं.

मुलगा : त्यांनी धरून चाललं, पोरगा घसरला आणि आईला बोलायला तोंड उरलं नाही. वा! तुझ्या अभ्यासात मी नापास.

आई : उद्या सकाळी येते तुझ्याबरोबर.

मुलगा : येऊन सांगणार काय?

आई : मला ठाऊक आहे तेवढंच. चल, गरम करते, जेवून घे आता.

(दुसरा दिवस. काचेचं दुकान. दुकानदारानं नुकतंच शटर वर केलं आहे.)

दुकानदार : या वहिनी. जपून, कोपऱ्यात कालचे तुकडे आहेत. मी काय म्हणतो, माझं याच्याशी वैर नाही. काचेवर कापायची रेघ मारतो तेव्हा बघत राहावं असा हात आहे. पण काच आहे ती. हात हलला की माल जातो, नाहीतर बोट जातं. तुमचा फोन यायचा तोवर मी निर्धास्त. फोन थांबला, म्हटलं, झालं, बाईंनी हात टेकले. त्यात हा आरसा.

आई : भाऊ, मी अभ्यास म्हणून सोडलंय ते. वास, खिसे, फोन, सगळं.

दुकानदार : अभ्यास म्हणून? आमच्या नातीला शाळेत हत्ती रंगवायला सांगतात.

आई : मला हत्ती निवडता आला असता. सुचलं नाही.

दुकानदार : बरं, मग सोपं करतो. इथे माझ्यासमोर एकदा वास घ्या, ठीक आहे म्हणा, आणि उद्यापासून फोन चालू करा. याला ठेवतो मी. आत्ता, या घडीला.

मुलगा : आई.

आई : ऐकतेय.

मुलगा : हो म्हण ना.

आई : नाही.

दुकानदार : पोराच्या पोटावर पाय देताय, वहिनी.

आई : कळतंय मला. पण भाऊ, केंद्रात जायच्या आधी मी हुंगत होते, तेव्हाही हा प्यायचाच. उलट माझं नाक चुकवायला शिकला. पुदिन्याच्या गोळ्या, जिन्यात बदलायचा शर्ट, काय नि काय. माझ्या पाळतीनं तो सुटला नाही, हुशार झाला.

दुकानदार : मग खात्री कुणी द्यायची?

आई : कुणीच नाही. मला तरी कोण देतंय? तुम्ही कालपासून मला विचारताय. तो इथे उभा आहे. त्याला विचारलंत?

दुकानदार : पिणारा कधी खरं सांगतो?

आई : विचारून बघा. खोटं वाटलं तर काढून टाका. मी भांडायला येणार नाही. पाया पडायलाही नाही.

दुकानदार : काय रे? प्यायलास का?

मुलगा : नाही.

दुकानदार : मग आरसा फुटला कसा?

मुलगा : एकट्यानं उचलला.

दुकानदार : एकट्यानं? दोघांचा माल तो, पहिल्या दिवशी बजावलंय तुला. मला हाक मारायला काय झालं होतं?

मुलगा : हाक मारली की तुम्ही आधी माझ्या तोंडाजवळ येता, मालक. मग आरशाजवळ.

दुकानदार : बघायला नको का?

मुलगा : मला वाटायचं, तुमची सवय असेल. काल कळलं, कुणी लावलेली.

आई : मी लावलेली.

दुकानदार : मी काय म्हणतो… ती भिंतीला टेकवलेली काच दिसतेय? हॉटेलवाल्याची. दुपारच्या आत जायला हवी.

मुलगा : दिसतेय.

दुकानदार : हातमोजे घाल. तू त्या टोकाला, मी या टोकाला. आणि ऐक, बघणार मी, ते काही सुटायचं नाही माझं. पण काही दिसलं तर तुला सांगेन. घरी नाही.

मुलगा : चालेल.

दुकानदार : वहिनी, चहा मागवतो, बसा. खुर्ची जरा अलीकडे ओढून घ्या, इथून सगळं दिसतं.

आई : म्हणूनच निघते.

मुलगा : आज उशीर होईल मला, आई.

आई : बरं.