वाढत्या अंगाची बॅट

ब्याण्णव सालची गोष्ट. ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर भिवंडीच्या रांगेत मीराबाईंच्या पुढे एक बाप आणि त्याची तेराएक वर्षांची पोरगी उभी होती. पोरीच्या हातात बेसबॉलची नवी कोरी बॅट.

“पप्पा, ही बदलूया. जड आहे.”

“अगं, वाढत्या अंगाची घेतलीय. दोन वर्षांनी बरोब्बर होईल.”

“मॅच रविवारी आहे.”

“मग जरा जोर लाव.”

“जोर लावून फिरवेपर्यंत बॉल मागे गेलेला असतो. सर म्हणाले, एका हाताने समोर सरळ धर. हात थरथरला तर ती बॅट तुझी नाही. हे बघा.”

“खाली घे, कुणाला लागेल! युनिफॉर्म मोठा घेतला तेव्हा नाही बोललीस ती?”

“युनिफॉर्म आईने दुमडून शिवला. बुटांत कापूस कोंबला. हिच्यात काय कोंबू?”

“दुकानदार हसेल.”

“हसू दे. मला आत्ता खेळायचंय.”

“रांग जाईल आपली.”

“जाऊ दे.”

पोरगी बॅट खांद्यावर टाकून निघालीसुद्धा. बाप मागोमाग.

मीराबाईंनी पिशवीतून लेकाचे, चंदूचे, दोन बोटं मोठे घेतलेले नवे बूट काढले, उलटसुलट करून पाहिले आणि मागच्या बाईला म्हणाल्या,

“माझा नंबर धरा हं जरा.”