बाहुलीचे डोळे

जिंतूरच्या स्टँडवर परभणीच्या गाडीसाठी रांग लागली होती. सुलाबाईच्या पुढंच दोन मास्तर उभे होते आणि त्यांच्या मधल्या खोक्यावर एक कापडी बाहुली बसवलेली होती.

"सूर्यभान, उद्या प्रदर्शनात हिला साधं बटण लावा. दाबलं की डोळे पेटले."

"बटणाची बाहुली बाजारात मिळते, बन्सीधर सर. हिच्या वायरीचे दोन पत्रे दोघांनी धरायचे अन् मोकळ्या हातानं एकमेकाचा हात. मगच पेटतेत."

"उद्घाटनाला सभापती येणार. एक पत्रा त्यांच्या हातात. दुसरा?"

"माझ्या. बनवली मी."

"विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं तापलंय, अन् तुमी बौद्धवाड्यातला हात त्यांच्या हातात द्यायलाव. त्यांनी तोंड फिरवलं की नोकरी गेली तुमची. अजून कायम न्हाई तुमी."

"तुमी तरी धरून बघा."

"इथं?"

"माझ्या डब्यातलं खाता की, सर."

"ते शाळेत, दार लावून. इथं रांगेत आमच्या पेडगावचे लोक हायेत."

"उद्या तिथंबी लोकच असतील."

"...बरं, आणा हात."

"पेटंना, सर."

"सेल उतरले असतील."

"सेल नवे हायेत. तुमच्या हातातला रुमाल काढा. कापडातून करंट जात न्हाई."

बन्सीधर सरांनी रुमाल खिशात घातला, तशा सुलाबाईच्या मागच्या माना वळल्या. मग बाहुलीचे दोन्ही डोळे लाल झाले.

"पेटली. बास, सोडा आता. लोक बघायलेत."

"मी कवाच सोडलाय, सर. धरलाय तुमी."