कलाकंदावर एक थेंब

...आणि वर पिस्त्याचे काप! पांढराशुभ्र, दाणेदार! आता मला सांगा, इतका देखणा कलाकंद कोणी उगाच आणतं का? आणलाय कोणी? मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे तीन पिढ्यांच्या मिठाईवाल्यांनी! आणि मी? तीस वर्षं डेअरीत दूध तपासलेला माणूस! तुम्हाला सांगतो, संशय नाही हो, नुसती खात्री करून घ्यायची!

मुलीने सकाळीच बजावलं, "बाबा, आज बोलणी आहेत. ती आयोडीनची बाटली कपाटात ठेवा. मागच्या वेळी पेढ्यावर थेंब टाकलात, माणसं उठून गेली!" अहो, पण पेढा निळा पडला होता! निळा म्हणजे खव्यात पीठ! खव्यात फसवणारा माणूस पोरीला काय सुखात ठेवणार? पण ठेवली हो बाटली कपाटात. म्हणजे... खिशात दुसरी होती.

"घ्या ना," व्याही हसून म्हणाले. एवढं का हसतात? वडी उचलली, हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेलो, बशीत तुकडा, तुकड्यावर थेंब... काहीच नाही! निळा नाही, जांभळा नाही! शुद्ध! मग तर मी जास्तच घाबरलो. मिठाईवाला, आणि शुद्ध? नक्की काहीतरी दडवतायत! दुसरा थेंब टाकतोय, तोच मागून, "काय निघालं?"

व्याही! बशी पाठीमागे लपवली हो मी. आता हे उठणार, आणि पोरगी जन्मभर माझ्याशी बोलणार नाही! म्हटलं, "संशय नाही हो, नुसती..."

"खात्री!" ते म्हणाले. "खवा घेताना मीही करतो." आणि खिशातून बाटली काढली. माझ्या दुप्पट! "चला, आता तुमची बासुंदी बघू."

बघा की! छाती फुगवून मीच वाटी पुढे केली. घरचं दूध, मी पारखून आणलेलं, चार तास आटवलेलं... थेंब पडला. निळी! शाईसारखी निळी!

बायको शांतपणे म्हणते, "दोन चमचे कॉर्नफ्लोअर. चार तास कोण ढवळत बसणार? पंचवीस वर्षं अशीच करते, आणि पंचवीस वर्षं तुम्ही बोटं चाटताय."

व्याह्यांनी पोट धरून हसत दुसरी वाटी मागितली, लग्न ठरलं! आता गोडाचं सगळं ते आणि बायको बघणार. मला काम दिलंय, दारात उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. तेही व्याही आधी माझ्या बाटलीचा वास घेणार, आत आयोडीन नाही ना म्हणून, मगच मला दारात उभं करणार म्हणे... संशय नाही हो, नुसती खात्री!