आईनं बांधलेला पट्टा

तोमिए मावशी : निदान एक मुटका तरी खा. गरम भाताचा वळलाय, आत खारवलेलं आलुबुखार आहे.

चिझुरु : ठेव ना तिथं, मावशी. घास तोंडातच फिरतो.

मावशी : सातवा सरत आला आणि मनगट बघ, काडी झालीय नुसती! तुझी आई असती तर—

चिझुरु : तर खूश झाली असती. दर रविवारी काट्यावर उभी करायची मला. काटा हलला नाही की म्हणायची, "शाब्बास! लहान जन्माला घालावं, मग मोठं करावं."

मावशी : आमच्या वेळी डॉक्टरच म्हणायचे तसं. वजन वाढलं की चारचौघींत झापायचे. आणि तुझ्या वेळी तिचं अंग एवढं सुजलं, मरता मरता वाचली. तेच बसलं डोक्यात.

चिझुरु : म्हणून तर ऐकत गेले. हल्लीचे डॉक्टर खा, खा म्हणायचे. आई म्हणायची, पोरसवदा आहेत, त्यांना काय कळतंय.

मावशी : मग आज काय म्हणाले?

चिझुरु : बाळ वाढायचं थांबलंय. घरी कुणी खाऊ नको म्हणतं का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

मावशी : का गं?

चिझुरु : आईला जाऊन महिनाही नाही झाला, अस्थी अजून घरात आहेत. परक्या माणसापुढं तिचं नाव कसं घेऊ?

मावशी : बरं, आता तरी खा. मासा भाजते. अंडं करू?

चिझुरु : खा म्हणालेत. पण बाळापर्यंत पोचेलच, असं नाही म्हणाले. उद्या दाखल व्हायचंय. बाळाचे ठोके मंदावले तर लगेच पोट कापून काढतील.

मावशी : एवढंसं?

चिझुरु : एवढंसं.

मावशी : तो पोटाचा पट्टा तरी सोड आधी.

चिझुरु : पाचव्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या शुभ दिवशी, आईनं देवळातून आणून बांधला होता. म्हणाली, "कुत्रीसारखी सुखानं बाळंत हो!" किती हसलो दोघी. अजून गाठ तिथंच येते बघ. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मावशी : सोड, बाळा.

चिझुरु : तू सोड. माझ्याच्यानं नाही होत.

(मावशी गाठ सोडते. पट्ट्याची घडी घालून बाजूला ठेवते.)

मावशी : हलतंय?

चिझुरु : सकाळी हललं होतं. हात ठेवून बघ.

मावशी : माझे हात गार आहेत गं.

चिझुरु : असू देत. ठेव.