चंदेरी पट्टी आणि धर्माजीभाऊंचं कडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संघाचे चेअरमन माननीय रखमाजीआबा, व्यासपीठावरील उपाध्यक्ष, सचिव आणि सन्माननीय संचालक मंडळ, आजचे सत्कारमूर्ती धर्माजीभाऊ, त्यांच्या शेजारी पदर सावरत बसलेल्या आमच्या धोंडावहिनी, तळेघरपासून पारगावपर्यंतच्या गावांतून दुधाच्या गाड्यांत बसून आलेले सभासद, आणि माझ्या कर्मचारी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी हिरा. आस्थापना विभागात लिपिक आहे. कर्मचाऱ्यांच्या वतीने बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघू लागलेत, ते मला इथून दिसतं. त्यांना विनंती की आज जरा खिडकीबाहेर बघावं.

धर्माजीभाऊ १९८१ साली संघात ड्रायव्हर म्हणून लागले आणि आज, २००९ च्या मे अखेरीस, निवृत्त होत आहेत. अठ्ठावीस वर्षांत एकही अपघात नाही. घाटात ब्रेक गेलेला टेम्पो त्यांनी दुधासकट उभा केला, ते मागच्या वक्त्यांनी सांगितलं. तेव्हा कॅन किती होते, यावर दोन वक्त्यांचं एकमत झालं नाही. भाऊंना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "कॅन मोजायला येळ कुणाला व्हता?"

आता मला सांगा, अशा माणसाला आज शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मग मानपत्र का मिळालं नाही? मघापासून पुढच्या दोन रांगांत ही कुजबुज चालली आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मानपत्राची यादी मीच केली. आपल्या संघाचा नियम असा आहे की ज्याच्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नाही, त्यालाच निष्कलंक सेवेचं मानपत्र मिळतं. भाऊंच्या सेवापुस्तकात एक शेरा आहे. ऑक्टोबर २००२. 'नवीन वाहनाच्या अंतर्भागाचे निष्काळजीपणाने नुकसान केले. समज देण्यात आली.' खाली आबांची सही आहे. गेल्या आठवड्यात भाऊंच्या नावापुढे 'अपात्र' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. तो लिहिल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

त्या नुकसानीबद्दल थोडं सांगते. आबा, आपली परवानगी गृहीत धरते.

त्या वर्षी संघाने चेअरमनसाहेबांसाठी नवी गाडी घेतली. त्याआधी आबा जीपमधून फिरत, आणि पुण्याच्या बैठकीला पोहोचेपर्यंत त्यांचं धोतर कोणत्या रंगाचं होतं ते सांगता येत नसे. नव्या गाडीत पुढच्या बाजूला, आबांच्या बरोबर समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चंदेरी पट्टी होती. घासलेल्या स्टीलसारखी दिसायची. जवळून पाहिलं की तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा दिसायच्या. सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. गाडी बघायला आलेला जो तो त्या पट्टीवरून बोट फिरवून जायचा.

मी तेव्हा रोजंदारीवर होते. चार वर्षं कॅन धुण्याच्या विभागात काढली होती आणि त्याच महिन्यात ऑफिसात शिपाई म्हणून बदलून आले होते. कॅन विभागातल्यांना मी काय वेगळं सांगू? तिथला एकच धर्म. धातू दिसला की घासायचा. तारेची घासणी आणि सोडा. कॅनच्या सांध्यात दुधाचा ठिपका राहिला तर सगळं दूध नासतं, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ते हातात इतकं मुरतं की घरी गेल्यावरही बाई तांब्या घासतच बसते.

दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा होते. माझी आई म्हाळसाबाई. आमचं मेंढरांमागे फिरलेलं घराणं. तिने धामणीच्या खंडोबाचा भंडारा पुडीत बांधून दिला होता. "साहेबाच्या नव्या गाडीवं उधळ, हात आखडू नगं." मी हात आखडला नाही. दारं उघडी होती. बाहेर जेवढा भंडारा पडला, तेवढाच आतही पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी गाडी पुसायला गेले तर पट्टी पिवळी झालेली. आबा दहा वाजता पुण्याला निघणार होते. ओल्या फडक्याने पुसलं तर पिवळेपणा पसरला. मग मी काय केलं असेल? कॅन विभागातली मंडळी आत्ताच हसू लागली आहेत. जी घासणी चार वर्षं हातात होती, तीच आणली आणि सोडा लावून सात वेळा हात मारला. पिवळं गेलं. वर सात ओरखडे उठले, आणि तेही रेघांना आडवे.

मी तिथेच सीटवर बसून रडायला लागले. तेवढ्यात भाऊ चहा पिऊन आले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, घासणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ते एवढंच म्हणाले, "हिरे, हे इस्टील न्हाई. पिलाष्टिक हाये. वर नुसता चंदेरी मुलामा दिलाय."

"आता काय व्हईल, भाऊ?"

"काय व्हतं ते बघू. आधी डोळं पूस आन दुकानातनं दाताची पेस्ट आण. पांढरी आण. लाल मंजन आणशील, तर त्याच्या खरखरीनं आजून वाट लागंल."

पुढचा एक तास मी जे पाहिलं, ते आजही मला पाठ आहे. इथे बसलेल्या नव्या ड्रायव्हर मुलांनी ऐकून ठेवावं, गाड्यांमध्ये आता अशाच पट्ट्या येतात. भाऊंनी आधी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ धोतराच्या फडक्याने पट्टी पुसली. सोड्याचा कण राहिला तर तोच पुन्हा ओरखडा पाडतो. मग कडेच्या फटीत पेस्ट जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली. मग कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, आधी थोडं करून पाहिलं. तिथे मुलामा टिकतो म्हटल्यावर फडकं बोटाला गुंडाळलं, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली आणि हलक्या हाताने रेघांच्या दिशेने फिरवू लागले. दहा वेळा फिरवायचं, पुसायचं, मान वाकडी करून उजेडात बघायचं.

मी म्हटलं, "गोल फिरवलं तर लवकर जाईल की."

"गोल फिरवलं की तिथं धुरकट डाग पडंल आन तो जल्मभर तुज्याकडं बघंल. रेघ जिकडं जाती तिकडंच जायचं."

मग फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "कर आता. जोर नगं लावू. कॅन न्हाई हा."

एक ओरखडा गेला. दुसरा गेला. पावणेदहापर्यंत सहा गेले. शेवटी भाऊंनी मेणाच्या पॉलिशचा हात फिरवला आणि पट्टी पुन्हा झळकली. सातवा मात्र हाताच्या बोटाएवढा लांब, तसाच राहिला. मी पुन्हा पेस्ट घेतली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ओरखड्यावरून नख फिरवून दाखवलं. "नख अडकतंय बघ. नख अडकलं की त्यो पेस्टनं जात न्हाई. आता घासशील तर मुलामा जाईल आन खालचं काळं उघडं पडंल. ऱ्हाऊ दे त्याला."

आबा गाडीत बसले. पुण्याच्या वाटेवर ऊन समोरून आलं आणि तो ओरखडा दिसला. संध्याकाळी आबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. आबांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. ते स्वतःच्या चपलेला खिळा लागला तरी बोलणार नाहीत, पण संघाची वस्तू म्हणजे सभासदांची वस्तू. त्यांचं त्यात काही चुकलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच सांगते, उघडणार होते. भाऊ आधीच बोलले, "आबा, माज्या हातातलं कडं घासलं."

तेव्हा भाऊंच्या हातात कडं नव्हतंच! आबांनी हाताकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "घरी काढून ठिवलंय, आबा. म्हनलं पुन्ना लागाया नगं."

मागाहून मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "तू रोजंदारीची. तुजं दिवाळीनंतर कायम व्हायाचं चाललंय. तुला उद्या काढतील. मला न्हाई काढत. लई झालं तर गाडी बदलतील."

गाडी बदलली. आबांची गाडी गेली आणि भाऊंना तळेघरच्या दुधाचा टेम्पो मिळाला. तीन वर्षं. पहाटे चारला घर सोडायचं आणि पावसाळ्यात टेम्पो चिखलात बसला की कॅन खांद्यावर घेऊन चालायचं. मी जानेवारीत कायम झाले. बारावी झालेली होते, पुढे लिपिक झाले. माझी पोरं शिकतात ती त्या नोकरीवर. तेव्हा ठरवलं होतं की कायम झाले की आबांना सांगेन. मग म्हटलं, लिपिक झाले की सांगेन. पहिल्यांदा भीती होती. नंतर भीती गेली आणि लाज आली. लाज भीतीपेक्षा जास्त दिवस टिकते, हे मी अनुभवाने सांगते.

आणि भाऊंनी काय केलं? दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक कडं विकत आणलं आणि हातात घातलं. खोटं बोललोय तर ते निदान नीट निभवावं म्हणून! गेली सात वर्षं ते कडं त्यांच्या हातात आहे. लोकांना वाटतं, देवाचं आहे. मागे धोंडावहिनी मला म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात मनगटाला चट्टं पडत्यात, पर काढत न्हाईत. असला कोनचा नवस हाये, त्येबी सांगत न्हाईत." वहिनी, तो नवस नाही. तो माझा ओरखडा आहे.

भाऊ, मान खाली घालू नका. आज मी तुमचं ऐकणार नाही.

अध्यक्ष महोदय, मी एक अर्ज लिहून आणला आहे. २००२ चं नुकसान माझ्या हातून झालं, हे मी त्यात सहीनिशी लिहून दिलं आहे. धर्माजीभाऊंच्या सेवापुस्तकातला तो शेरा कमी करावा आणि तोच मजकूर, तारखेसह, माझ्या सेवापुस्तकात घ्यावा, ही विनंती आहे. दोन्ही पुस्तकं मी कपाटातून काढून आणली आहेत. ती आपल्यासमोर, हाराच्या ताटाशेजारी ठेवते. आस्थापनेचं काम माझ्याकडेच असल्याने अर्ज वाटेत कुठे अडकणार नाही. मानपत्राचा कोरा कागदही सोबत आहे. त्यावर भाऊंचं नाव मी घातलेलं नाही. ते आपल्या सहीनंतरच घालावं, असा नियम आहे, आणि रेघेला आडवं जायची माझी हिंमत एकदाच झाली होती.

संघाने मला बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी पाच मिनिटांची पंधरा मिनिटं होऊ दिली, याबद्दल मी आपली आभारी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घालावं. सात वर्षं गप्प राहिल्याची माफी मात्र सभागृहाकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते समोर बसले आहेत.

भाऊ, माफ करा. आणि आता ते कडं काढा.